टेस्ट व्हॅल्यूच्या चौकटीतला शून्य

माझी भाची गृहविज्ञानात एम.एस्सी. करते. रविवारी तिने मला एक फॉरवर्ड दाखवला: ‘पाच मिनिटांत टी-टेस्ट’. टी-टेस्ट म्हणजे नमुन्याची सरासरी एखाद्या ठरावीक आकड्यापेक्षा किंवा दुसऱ्या सरासरीपेक्षा खरंच वेगळी आहे का, हे तपासायची चाचणी. त्यातला सल्ला असा. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरा, बाकी काही बदलू नका, ओके दाबा. पी-व्हॅल्यू (चाचणीतून येणारा शक्यतेचा आकडा, त्याचा अर्थ पुढे सांगते) 0.05 च्या खाली आली की गृहीतक 95 टक्के सिद्ध, वर गेली तर ‘फरक नाही’ असं लिहा. नमुना 30 चा असला की बस्स. हा फॉरवर्ड तिच्या सगळ्या वर्गात फिरलाय आणि तिने तो बरहुकूम पाळला होता, म्हणून हे लिहितेय.

‘बाकी काही बदलू नका’ हे सगळ्यात घातक. वन-सॅम्पल टी-टेस्टच्या खिडकीत ‘टेस्ट व्हॅल्यू’ अशी छोटी चौकट असते आणि तिच्यात आधीपासून 0 असतो. आर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरलंत तरी तेच. काही सांगितलं नाही तर तेही शून्यच धरतं. भाचीच्या सरावाच्या तक्त्यात 40 मुलींचं हिमोग्लोबिन होतं, सरासरी 11.4, प्रमाण विचलन (आकड्यांचा पसारा) 1.5. तिने शून्य तसाच ठेवला. टी (फरक नमुन्यातल्या चढउताराच्या मानाने किती मोठा, तो आकडा) आला 48, पुढच्या पी-व्हॅल्यूच्या रकान्यात .000, आणि खाली तिचं वाक्य: ‘हिमोग्लोबिनचे प्रमाण सार्थक आहे.’ अगं, पण तू विचारलंस काय? या मुलींचं सरासरी हिमोग्लोबिन शून्य आहे का, हे! रक्तात हिमोग्लोबिनच नसलेली मुलगी बोट टोचून घ्यायला समोर बसेल तरी का? गरोदर नसलेल्या बायकांमध्ये 12 ग्रॅमच्या खाली अ‍ॅनिमिया धरतात, तेव्हा प्रश्न 12 चा होता. आम्ही चौकटीत 12 टाकलं. टी उणे 2.53, पी 0.016, फरकाचा 95 टक्क्यांचा पट्टा (खरा फरक ज्या दरम्यान असावा तो अंदाज) उणे 1.08 ते उणे 0.12. म्हणजे सरासरी साधारण 10.9 ते 11.9 च्या दरम्यान. आता कुठे त्या तक्त्यातून काही कळलं.

आणि .000 म्हणजे शून्य नव्हे. आकडा तीन दशांश स्थळांत मावला नाही, इतकंच. ‘0.001 पेक्षा कमी’ असं लिहा.

‘95 टक्के सिद्ध’ हे तर सरळ चूक. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 साली खास निवेदन काढून सांगितलंय की पी-व्हॅल्यू गृहीतक खरं असण्याची शक्यता मोजत नाही. शून्य गृहीतक, म्हणजे ‘फरक नाही’ हे, खरं धरलं, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल कितीदा येईल, एवढंच ती सांगते.

30 च्या आकड्यात अर्धं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. नमुना वाढला की सरासरीचं वितरण सहसा नॉर्मलच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाच्या, जवळ जातं. पण टी-टेस्ट जन्मालाच आली लहान नमुन्यांसाठी. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या गोसेटने 1908 साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडली, तेव्हा त्याच्या उदाहरणात 10 रुग्ण होते, झोपेच्या औषधांचे. ते आकडे आजही आरमध्ये ‘स्लीप’ नावाने मिळतात. पहिल्या औषधाने झोप सरासरी 0.75 तास वाढली, पी 0.22. फॉरवर्डप्रमाणे ‘फरक नाही’. पण पट्टा बघा: उणे 0.53 ते 2.03 तास. दोन तासांची वाढही त्यात बसते! याला ‘अजून ठरत नाही’ म्हणतात.

भाचीने 0 आणि 12 असे दोन्ही तक्ते त्याच ग्रुपवर टाकलेत.