आरोग्यव्यवस्थेवरची पीएचडी आणि तिच्याभोवतीची व्यवस्था

आरोग्यव्यवस्थेवर संशोधन करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढावी आणि त्यासाठी पीएचडीच्या शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, ही मागणी गेली काही वर्षे सातत्याने ऐकू येते. नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागात शिकवताना आणि पीएचडीचा गाइड म्हणून काम करताना माझे मत मात्र थोडे वेगळे होत गेले आहे. हुशार आणि कष्टाळू उमेदवार आपल्याकडे आहेत. तोकडे पडतात ते गाइड, विद्यापीठाचे कार्यालय आणि नोकरीतल्या उमेदवाराला मोकळा वेळ देणारी यंत्रणा. दवाखाना, औषधपुरवठा, मनुष्यबळ आणि पैसा यांच्याकडे एकमेकांत गुंतलेली व्यवस्था म्हणून पाहायला शिकवणारा हा विषय. त्याचीच पीएचडी मात्र आपण एकट्या माणसाने एकट्याच्या बळावर द्यायच्या परीक्षेसारखी चालवतो, ही विसंगती मला अधिकाधिक खटकते.

प्रश्न केवळ आपला नाही. आरोग्य संशोधनाचा विचार करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० मध्येच दाखवून दिले होते की, टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा सुमारे ९३ टक्के भार विकसनशील देशांवर असताना जगभरच्या आरोग्य संशोधनाच्या खर्चातला जेमतेम ५ टक्के वाटा या देशांच्या प्रश्नांकडे जात होता. पुढे १९९९ मध्ये आरोग्यधोरण आणि आरोग्यव्यवस्था यांवरच्या संशोधनाला बळ देणारी ‘अलायन्स फॉर हेल्थ पॉलिसी अँड सिस्टिम्स रिसर्च’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे या विषयाची पहिली जागतिक परिषद भरली आणि काही प्रमाणात पैसाही आला. तरीही बराच काळ संशोधनाचा प्रश्न युरोपात ठरायचा, माहिती आफ्रिकेत किंवा आशियात गोळा व्हायची आणि शोधनिबंधावर स्थानिक संशोधकाचे नाव लेखकांच्या यादीत मधेच कुठेतरी यायचे. काही काळ तिकडे आणि काही काळ मायदेशी काम करायच्या ‘सँडविच’ पीएचडीने यात सुधारणा केली, हे मान्यच करायला हवे. युगांडातील कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठातील अनेक आजचे प्राध्यापक याच वाटेने तयार झाले आहेत. पण त्या वाटेने माणूस घडतो, त्याच्या मागे उभे राहणारे कार्यालय घडतेच असे नाही.

मला सर्वाधिक शिकण्यासारखे वाटते ते ‘कार्टा’चे उदाहरण. नैरोबीतील आफ्रिकन पॉप्युलेशन अँड हेल्थ रिसर्च सेंटर आणि जोहान्सबर्गचे विटवॉटर्सरँड विद्यापीठ यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये हा आफ्रिकी विद्यापीठांचा समूह उभा राहिला. येथे फेलो म्हणून घेतला जातो तो सहभागी संस्थांच्याच सेवेत असलेला उमेदवार, आणि पदवीही आफ्रिकी विद्यापीठाचीच मिळते. समाजशास्त्र, परिचर्या, अर्थशास्त्र, वैद्यक अशा वेगवेगळ्या शाखांचे उमेदवार एका तुकडीत येतात आणि पीएचडीच्या काळात चार वेळा, प्रत्येक वेळी काही आठवडे, एकत्र बसून काम करतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेथे गाइड, ग्रंथपाल आणि विद्यापीठाचे प्रशासकीय अधिकारी यांच्यासाठीही प्रशिक्षण ठेवलेले आहे. आपल्याकडे पीएचडी विभागातल्या लिपिकाला आणि गाइडला एका वर्गात बसवण्याची कल्पना मांडली, तर लोक हसतील. मात्र विद्यार्थ्याची फाइल सहा महिने कुठे अडते, हे त्या लिपिकाइतके कोणालाच ठाऊक नसते.

आता जवळचे उदाहरण. माझ्याकडे अर्धवेळ पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. जोखमीच्या गरोदर मातांना मोठ्या रुग्णालयात रेफर केल्यानंतर त्यांचे पुढे काय होते, हा तिचा विषय. तिने स्वतःच्याच केंद्रात पहिली मुलाखत घेतली तेव्हा एएनएमने, म्हणजे केंद्रातल्या आरोग्यसेविकेने, “रेफर केलेल्यांचा फॉलोअप शंभर टक्के आहे, मॅडम,” असे सांगून रजिस्टर उघडून दाखवले. सगळे रकाने भरलेले होते, आणि महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत उतरवल्यासारख्या दिसत होत्या. त्या एएनएमला खोटारडी ठरवणे सोपे आहे. ती आढावा बैठकीत जसे उत्तर देते तसेच येथेही देत होती, कारण प्रश्न विचारणारी व्यक्ती तिचीच वरिष्ठ होती. व्यवस्थेच्या आत राहून व्यवस्थेवर संशोधन करताना ही अडचण पावलोपावली येते, आणि तिच्याशी कसे वागायचे हे संख्याशास्त्राच्या तासाला शिकवले जात नाही.

आम्ही मग तिच्या मुलाखती तिचा अधिकार चालत नाही अशा केंद्रांत नेल्या, आणि ती स्वतः काही मातांसोबत, त्यांच्या संमतीने, रेफरच्या वाटेने गेली. केंद्रातून निघालेली चिठ्ठी सोनोग्राफीच्या रिपोर्टबरोबर घडी घालून पिशवीत जाते; मोठ्या रुग्णालयात नवा केसपेपर निघतो आणि त्या चिठ्ठीकडे बहुतेकदा कोणी पाहतही नाही. चिठ्ठीचा खालचा भाग भरून परत पाठवायचा असतो, पण तो कोणी भरायचा आणि कोणाच्या हाती परत द्यायचा, हे विचारल्यावर तिला प्रत्येक टेबलावर वेगळे उत्तर मिळाले. म्हणजे एएनएमने रकाना प्रामाणिकपणे भरायचे ठरवले असते, तरी त्यात लिहायला तिच्याकडे काहीच नव्हते. माझ्या दृष्टीने प्रबंधाचा गाभा येथेच आहे.

संशोधन सल्लागार समितीत मात्र पहिला प्रश्न आला तो सॅम्पल साइज कोणत्या सूत्राने काढला याचा, आणि दुसरा नल हायपोथेसिस, म्हणजे आकडेवारीने तपासायचे ‘काही फरक नाही’ हे गृहीतक, कुठे आहे याचा. समितीचे सदस्य विद्वान आहेत, यात शंका नाही. त्यांची तयारी रोगपरिस्थितीविज्ञानात, म्हणजे रोगांचा प्रसार आकड्यांत मोजणाऱ्या शास्त्रात, झालेली आहे आणि ते त्याच मापाने मोजतात. उलट बाजूचाही एक रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आरोग्यव्यवस्थेचे सहा घटक मांडले, तेव्हापासून अनेक प्रबंध त्या सहा खणांत माहिती भरून मोकळे होतात, आणि दोन खणांच्या मधे जे घडते त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. रेफरची चिठ्ठी नेमकी त्या मधल्या जागेत हरवते.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. संख्या ठरवून दिली आहे, पण गाइड होण्याचे शिक्षण घ्यायला लावणारी तरतूद नाही. खाडीपूल ओलांडला की देवनारला टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही संस्था आहेत. तेथील समाजशास्त्रज्ञ किंवा अर्थशास्त्रज्ञ सहमार्गदर्शक म्हणून घेण्याला नियमाची आडकाठी नाही. आडकाठी असते ती पत्रव्यवहाराची, आणि काही ठिकाणी मानापमानाचीही.

नोकरीतल्या उमेदवाराची गोष्ट आणखी अवघड आहे. पूर्णवेळ संशोधकाला जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे मिळते. वैद्यकीय अधिकारी, परिचारिका किंवा आरोग्य विभागातला सांख्यिकी सहायक नोकरी सोडून येणार नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी अर्धवेळ पीएचडी हाच मार्ग उरतो. त्यासाठी नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि संशोधनाला पुरेसा वेळ दिला जाईल, असे त्यात लिहून द्यावे लागते. लिहून दिले जाते. मग पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोची धावपळ येते, पल्स पोलिओचा रविवार येतो, निवडणुकीची ड्युटी येते, आणि त्या प्रमाणपत्राची आठवण कोणाला राहत नाही. माझ्या विद्यार्थिनीचे बहुतेक लेखन रात्री अकरानंतर झाले आहे, आणि तिच्या चिकाटीचे कौतुक करताना मला संकोच वाटतो, कारण त्या कौतुकाने यंत्रणेची सुटका होते.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, त्याही नोंदवायला हव्यात. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांतून गेली, त्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा थोडा तरी मंदावावा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली, वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था मात्र त्यात बसत नाहीत.

हे सगळे ठाण्याच्या परिसरात विशेष महत्त्वाचे का, हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीतच दाखल झाले होते, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले होते. चौकशी समिती त्या २४ तासांचा हिशेब मागते, आणि तो मागितलाच पाहिजे. अत्यवस्थ रुग्ण कळव्याला पोहोचण्यापूर्वी किती दारे ठोठावून आलेला असतो, प्रत्येक दारी त्याला काय सांगितले जाते आणि तेथे त्याला थांबवून उपचार करण्यासाठी नेमके काय कमी पडते, हा मात्र तीन-चार वर्षे चिकाटीने पाठपुरावा करण्याचा अभ्यास आहे. तो परदेशातून आलेला संशोधक दोन महिन्यांत करू शकणार नाही, आणि रात्री अकरानंतर एकटीने बसूनही तो नीट होणार नाही.

माझी सूचना साधी आहे. ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली या महापालिकांनी मिळून दरवर्षी चार-पाच कर्मचाऱ्यांची एक तुकडी पीएचडीसाठी निवडावी, त्यात केवळ डॉक्टर नसावेत, आणि त्यांना वर्षातून एकदा चार आठवडे पगारासह कामातून मोकळे करावे. त्यांच्या जागी बदली माणूस देण्याची तरतूद अर्थसंकल्पात असावी, नाहीतर तो भार शेजारच्या केंद्रातल्या डॉक्टरवर पडेल आणि पुढच्या वर्षी योजना बंद पडेल. संशोधनाचे विषय महापालिकांनी जरूर सुचवावेत, मात्र निष्कर्ष बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे असू नये.

शिकून झाल्यावर ही माणसे सोडून जातील, अशी शंका एका अधिकाऱ्याने माझ्यापाशी बोलून दाखवली होती. बंधपत्र घेऊन त्यांना काही वर्षे अडवता येईल, त्याला माझा विरोध नाही. पण प्रबंध वाचून रेफरची पद्धत बदलायची की नाही हे कोणता अधिकारी, किती दिवसांत ठरवणार, हे नोंदणीच्याच दिवशी लेखी ठरले, तर ती स्वतःहून थांबतील अशी शक्यता मला अधिक वाटते.