मावा दिसला की फवारणी नको, आठ-दहा दिवस थांबा

चवळीच्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी ती बारीक कीड, बसला की जिवाची कशी घालमेल होते, ते मला चांगलं माहीत आहे. परवापर्यंत एक नव्हता आणि आज शेंडा, कळ्या, शेंगांचे देठ सगळं काळं. हात आपोआप फवाऱ्याकडे जातो. माझाही कित्येक वर्षं जात होता. आधी दुकानातलं औषध, मग "हे सेंद्रिय आहे, याने काही होत नाही" म्हणत नीमतेल आणि साबणाचं पाणी. आता परसबागेतली फवारणी मी पूर्ण थांबवली आहे, आणि आज जे सांगणार आहे ते काहींना पटणार नाही याचीही कल्पना आहे: भाजीच्या बागेत थोडी कीड असायलाच हवी. ती शून्यावर आणायच्या नादात आपण आपलंच नुकसान करून घेतो.

आधी माव्याचं गणित बघा. उबदार हवेत माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात जन्मतानाच पुढच्या पिढीचे गर्भ वाढत असतात. 7 ते 10 दिवसांत ती पिल्लं स्वतः व्यायला लागतात. आता त्यांना खाणारा ढालकिडा बघा, म्हणजे आपला लाल-नारिंगी लेडीबर्ड. त्याची मादी अंडी घालायला जागा शोधते तीच मुळी मावा असलेली. अंडी फुटायला चार-पाच दिवस, अळी मोठी व्हायला दोनेक आठवडे. म्हणजे खाणारा कायम उशिरा येतो, आणि मावा वाढलेला असल्याशिवाय येतच नाही.

नेमक्या याच मधल्या दिवसांत आपला धीर सुटतो. आपण फवारतो, मावा मरतो, त्याच्यासोबत नुकती अंड्यातून निघालेली ढालकिड्याची पिल्लंही मरतात. पानाआड वाचलेला पाच-दहा मावा आठवड्यात पुन्हा शेंडा भरून टाकतो, आणि या वेळी त्याला खायला कुणीच नसतं. मग आपण म्हणतो, यंदा कीड फार आहे. पुन्हा फवारतो.

माझे डोळे उघडले ते एका पानामुळे. साबणाचं पाणी मारायला म्हणून चवळीचं पान उलटं केलं, तर काळ्या माव्यात मधेमधे काही किडे वेगळे दिसले. फुगलेले, गोल, बदामी रंगाचे, अजिबात न हलणारे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं, तर त्यातल्या काहींच्या पाठीला सुईने पाडावं तसं गोल भोक होतं, कडेला झाकण उघडं लटकत होतं. नंतर वाचून कळलं, त्या माव्याच्या ममी होत्या. चिलटापेक्षाही बारीक अशी एक परोपजीवी गांधीलमाशी जिवंत माव्याच्या अंगात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते आणि मोठी झाली की पाठ कुरतडून बाहेर पडते. म्हणजे माझ्या चवळीवर काम आधीच सुरू झालेलं होतं. मी आजवर असा किती बदामी मावा साबणाने धुऊन काढला असेल, या विचाराने मला खरोखर वाईट वाटलं. ते पान तसंच सोडलं. साधारण दहा दिवसांनी त्या शेंड्यावर काळ्यापेक्षा बदामी जास्त होते.

तेव्हापासून मी सगळ्यांना आधी बघायला सांगते. ढालकिडा सगळे ओळखतात, त्याची अळी मात्र जवळपास कुणीच ओळखत नाही. ती काळपट, लांबुळकी, अंगावर नारिंगी ठिपके, छोट्या मगरीसारखी. दिसायला भीतिदायक, म्हणून लोक तिलाच आधी चिरडतात. खरं तर माव्याचा फडशा पाडण्यात ती पुढे असते, मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. क्रायसोपा म्हणजे जाळीदार पंखांचा हिरवा मित्रकीटक, त्याची अंडी तर एकदा पाहिली की विसरत नाही: पानावर केसाएवढे बारीक देठ उभे आणि प्रत्येक देठाच्या टोकाला एक मोतीवजा अंडं. लोक ती बुरशी समजून पुसतात.

एक फसगत मात्र होते. वांग्याच्या पानावर ढालकिड्यासारखाच दिसणारा, पण निस्तेज, अंगावर बारीक लव असलेला, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेरा दिसला तर तो इपिलॅक्ना. तो आणि त्याची पिवळी काटेरी अळी पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करतात. खऱ्या ढालकिड्याची पाठ काचेसारखी चकचकीत असते आणि तो पानाला तोंड लावत नाही. इपिलॅक्ना हाताने वेचून काढायचा, त्यात दयामाया नको.

आता नीमतेल आणि साबणाबद्दल स्पष्ट बोलते. साबणाचं पाणी ज्याच्या मऊ अंगावर पडेल त्याला मारतं. ती अळी मित्राची आहे की शत्रूची, हे त्याला कळत नाही. मावा खाणारी सिरफिड माशीची अळी, क्रायसोपाची अळी, सगळ्यांची अंगं मऊच. पिवळ्या चिकट सापळ्यांचंही तसंच, त्यावर पांढरी माशी चिकटते तशी परोपजीवी गांधीलमाशीही चिकटते. "सेंद्रिय" हा शब्द बाटलीवर असला की आपण डोळे मिटून फवारतो, माझी तक्रार त्याबद्दल आहे.

हे फक्त घरच्या बागेपुरतं आहे असं वाटत असेल तर कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांचं उदाहरण घ्या. 1880 च्या दशकात तिथल्या बागा एका पांढऱ्या, कापसासारख्या खवले किडीने संपत आल्या होत्या. अमेरिकी कीटकतज्ज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून वेडालिया जातीचे ढालकिडे पाठवले. 1888-89 च्या हिवाळ्यातल्या पहिल्या खेपांत मिळून फक्त 129. वर्षभराच्या आत कीड आटोक्यात आली. पुढे पन्नासेक वर्षं ती डोकं वर काढू शकली नाही. मग 1940 च्या दशकात बागांवर डीडीटीचे फवारे सुरू झाले, ढालकिडे मेले आणि कीड परत आली. आपल्या चार कुंड्यांत तेच घडतं. आकार तेवढा लहान.

मित्रकीटकांना बोलवायला विकत काही आणावं लागत नाही. शेपू, कोथिंबीर, बडीशेप, गाजर यातली दोन-चार झाडं उपटू नका, फुलू द्या. त्यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यातला मध सहज पोचता येईल इतका उथळ असतो, म्हणून सिरफिड माश्या आणि बारीक गांधीलमाश्या तिथे गर्दी करतात. मोठ्या सिरफिड माशीला फुलांतला मध आणि पराग लागतात, मावा खाते ती तिची अळी. एका कोपऱ्यात चवळीचा एक वेल माव्यासाठीच सोडा, ढालकिड्यांचं ते पाळणाघर. टोमॅटोजवळ झेंडू लावा, फळ पोखरणाऱ्या अळीची पतंग-मादी त्याच्या फुलांकडे ओढली जाते, तिथली अळी वेचणं सोपं. मुंग्या मात्र अडवा. त्या माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

जमिनीवरही थोडी अडगळ राहू द्या. माझ्याकडे एक फुटकी मातीची कुंडी सावलीत उपडी पडलेली असते, खालची माती ओलसर. तिथे एक भेक राहतो. रात्री बॅटरी घेऊन गेलं की तो कोबीच्या वाफ्याच्या कडेला स्थिर बसलेला सापडतो; शेंबी गोगलगाय टप्प्यात आली की मान किंचित वाकते, जीभ लपकन बाहेर येते आणि मग गिळताना त्याचे डोळे आत दबतात. बेडकांची, भेकांची त्वचा पाणी शोषते, त्यामुळे मातीवर ओतलेलं औषध थेट त्यांच्या अंगात जातं. पक्ष्यांसाठी आणि मधमाश्यांसाठी उथळ ताटलीत पाणी ठेवा, आत खडे घाला म्हणजे माश्या बुडणार नाहीत. दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डास होतील. चिमण्या एरवी दाणे टिपतात, पण पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवतात.

सगळंच आपोआप जुळतं असं नाही. पांढऱ्या माशीने मिरचीला किंवा टोमॅटोला पानं मुरडणारा विषाणू दिला तर ते झाड उपटावंच लागतं, तिथे धीर धरून उपयोग नाही. खारी आणि पक्षी पिकलेला टोमॅटो टोचतात. मी बारीक छिद्रांची जाळी ताणून बांधते, कारण सैल जाळीत पक्षी आणि साप अडकून मरतात. अगदी कोवळं रोप माव्याने वाकलं असेल तर नुसत्या पाण्याची जोराची धार पानाखालून मारते. लिंबाच्या रोपावरची, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी फुलपाखराची अळी मी काढत नाही. पानं परत येतात.

तुमच्याकडे आत्ता मावा असेल तर एवढंच करा. फवारणीआधी पान उलटं करून जवळून फोटो काढा आणि इथे टाका. बदामी ममी, देठावरची अंडी, मगरीसारखी अळी, यातलं काही दिसतंय का ते आपण मिळून बघू.