घराचे कागद गावाला गेले होते

मी परभणीतील एका शाळेत गेली बावीस वर्षे गणित शिकवतो. वीसमधून आठ गेले की बारा उरतात, हे मी आजवर शेकडो मुलांना फळ्यावर लिहून, दटावून आणि क्वचित कान धरून पटवून दिलेले आहे. त्यामुळे जून २०२५ मध्ये बँकेने दिलेल्या विवरणपत्रात, २०१७ साली वीस वर्षांसाठी घेतलेले गृहकर्ज आठ वर्षे इमानेइतबारे फेडल्यानंतर तेरा वर्षे शिल्लक असल्याचे वाचले, तेव्हा मला प्रथम त्या कान धरलेल्या मुलांची आठवण झाली. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे खुलासा केला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना पैसे उसने देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला, तेव्हा बँकेने माझा हप्ता आहे तोच ठेवून मुदत वाढवली होती. "सर, मेसेज आला असेल की तुम्हाला," ती म्हणाली. मेसेज आला होता. हप्ता न वाढल्याच्या आनंदात मी त्या संध्याकाळी घरी पावशेर जिलेबी नेली होती, हेही मला आठवले.

त्याच महिन्यात, म्हणजे ६ जूनला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने उतरवून ५.५० टक्क्यांवर आणला आणि आमच्या शिक्षककक्षात एकदम चैतन्य पसरले. इतिहास शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे कर्ज नवे होते. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली असतात, त्यामुळे त्याचा दर आपोआप उतरणार होता. माझे कर्ज त्याआधीचे, बँकेच्या स्वतःच्या हिशेबावर चालणारे. तो हिशेब वर जाताना शिवशाहीने जातो आणि खाली येताना बैलगाडीने येतो, असा माझा अनुभव आहे.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवले तर काय वाचेल, हे पाहायला मी कागद घेऊन बसलो. शिल्लक कर्ज साडेवीस लाख, जुना दर ९.१५ टक्के, नव्या बँकेचा ७.९० टक्के. तेरा वर्षांच्या मुदतीत हप्ता महिन्याला साडेचौदाशे रुपयांनी कमी होत होता, म्हणजे एकूण सव्वादोन लाखांहून अधिक रक्कम वाचत होती. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केलेली असल्यामुळे तीही भीती नव्हती. सौभाग्यवतींनी सर्व आकडे ऐकून घेतले आणि "अहो, सुरळीत चाललंय ते चालू द्या की," एवढेच सांगितले. गणिताच्या शिक्षकाला हे वाक्य सहन होत नाही.

उतावळेपणाने मी सर्वांत आधी जुन्या बँकेकडून कर्ज बंद करण्याचे पत्र मागवले. त्यात मुद्दल, व्याज, जीएसटी यांखाली एक ओळ होती, तिने पुढचे तीन महिने माझी झोप उडवली: प्रतिदिन व्याज ५१३ रुपये ९० पैसे. आठ वर्षे हे व्याज चालूच होते, पण महिन्याच्या हप्त्यात ते गुंडाळून गेल्यामुळे दिसत नव्हते. आता ते तासाला एकवीस रुपये पडते हे समजल्यावर रविवारी दुपारी दीड तास आडवे होणेही जिवावर येऊ लागले. मीटर चालू असलेल्या रिक्षात बसून राहावे आणि रिक्षा मात्र रेल्वे फाटकाला उभी असावी, तशी अवस्था झाली. पत्नीने मात्र या हिशेबातली मेख अचूक ओळखली. नवी बँकही व्याज लावणारच होती. दोन्ही बँकांच्या रोजच्या व्याजातला फरक अवघा सत्तर रुपयांचा होता. "रोजचे सत्तर रुपये बुडतायत म्हणून तुम्ही रोज बँकेत जाता, आणि रिक्षा, झेरॉक्स, चहा मिळून शंभर रुपये घालून येता," असे ती म्हणाली, आणि यावर मला आजही उत्तर सापडलेले नाही.

नव्या बँकेत पहिली ठेच सिबिलला, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून ठरणाऱ्या गुणांकाला, लागली. हा गुणांक ३०० ते ९०० यांमध्ये असतो आणि माझा तो उत्तम असणार याविषयी माझ्या मनात शंका नव्हती, कारण मी आयुष्यात एकही हप्ता चुकवलेला नाही. तो माझ्या मेव्हण्याने चुकवला होता. चार वर्षांपूर्वी त्याने ट्रॅक्टर घेतला, तेव्हा लग्नकार्यात पंगतीला बसल्या बसल्या मी जामीनदार म्हणून सही केली होती, आणि त्या कर्जाचा सहामाही हप्ता थकल्याची नोंद माझ्या नावापुढे येऊन बसली होती. फोन केला तर मेव्हण्याचा आवाज अत्यंत निर्धास्त. "दाजी, सोयाबीन घरातच आहे. भाव आला की विकतो, विकलं की भरतो. तुम्ही काळजी कशाला करायलात?" सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यातला भाव त्याला शिवायलाही तयार नव्हता. अशा रीतीने माझ्या घराचे भवितव्य जिंतूर तालुक्यातील एका खोलीत रचलेल्या साठ पोत्यांवर येऊन ठेपले. ज्या माणसाला सोयाबीनचे तेल आणि सोयाबीनची वडी यांपलीकडे काही ठाऊक नव्हते, तो मी सकाळी उठल्याबरोबर परभणी, हिंगोली आणि लातूर येथील मोंढ्यांची आवक पाहू लागलो. अखेर पंधरा दिवसांनी मीच तो हप्ता भरला. मेव्हण्याने माझे आभार मानून पोती तशीच ठेवली.

यानंतर घराचे मूल्यांकन करणारे गृहस्थ येणार असल्याचा निरोप आला. तो निरोप घरात मुलीला पाहायला येणार असल्यासारखा घेतला गेला. जाळी निघाली, पडदे धुतले गेले, अंगणातला पाण्याचा बॅरल शेजाऱ्यांकडे हलवण्यात आला. गृहस्थ आले, त्यांनी गच्चीवर जाऊन स्लॅब पाहिला, लेझरच्या यंत्राने भिंती मोजल्या, मला दारासमोर उभे करून मोबाइलवर फोटो काढला आणि पडद्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. पत्नीने चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. शेंगदाणे आणि डाळ्याचे कूट घातलेला, वर कोथिंबीर भुरभुरलेला तो सुशीला त्यांनी दोन बशा भरून खाल्ला आणि कृतज्ञतेने "असा सुशीला बऱ्याच दिवसांत खाल्ला नाही, वहिनी," असेही म्हणाले. पुढे त्यांच्या अहवालाची प्रत मला पाहायला मिळाली, तीत 'देखभाल' या रकान्यापुढे 'साधारण' असे लिहिलेले होते. ही प्रत मी घरी दाखवायला नको होती.

खरा घोळ मात्र वकिलांकडे झाला. नव्या बँकेच्या पॅनेलवरील वकील अत्यंत काटेकोर निघाले. तीस वर्षांचा शोध घेऊन त्यांचे समाधान झाले नाही. आमचा प्लॉट ज्या शेतातून पडला, त्या शेताची मूळ मालकी त्यांना पाहायची होती. मराठवाड्यात मूळ मालकी म्हटले की निजामाच्या राज्यात जावे लागते, आणि निजामाच्या राज्यात गेले की उर्दू आली. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मी जी नक्कल मिळवली, तिच्यावर १३५० हे साल होते. इतिहासाच्या सहकाऱ्याने ते पाहिल्यावर त्याला हसू आवरेना. दिल्लीच्या तख्तावर त्या साली मुहम्मद तुघलक होता, आणि राजधानी इथे आमच्याकडे दौलताबादला आणून पुन्हा परत नेण्याचा त्याचा उद्योग आटोपलेला होता. "फायद्यासाठी बिऱ्हाड हलवणाऱ्याने तुघलकाचाच कागद आणावा, हा योग आहे," असे तो सर्वांदेखत म्हणाला. प्रत्यक्षात ते साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतले, होते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघते, म्हणजे कागद १९४०-४१चा होता. बँकेच्या संगणकाला मात्र हे मान्य नव्हते, आणि अर्ज भरणाऱ्या मुलाने दोन वेळा "सर, १३५० घेत नाहीये," असे सांगून तो रकाना रिकामाच सोडला.

तो कागद वाचणार कोण? आमच्या गल्लीत नव्वदीला टेकलेले एक काका आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी, म्हणजे निजामाचे राज्य जाण्याआधी, त्यांचे प्राथमिक शिक्षण उर्दूत झाले होते, आणि त्या विद्येला गेल्या कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. मी नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, वर भिंग धरले आणि उजवीकडून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिली पाच मिनिटे ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अक्षर बघा सर, मोत्याचा दाणा. आजकालचे तलाठी लिहितील का असं?" मी अधीरपणे मालकाचे नाव विचारले. काका मालकाकडे वळायला तयार नव्हते. ते चतुःसीमेत रमले होते. मशरिक म्हणजे पूर्व, तिकडे नाला. मगरिबला, म्हणजे पश्चिमेला, गाडीवाट. शुमाल म्हणजे उत्तर, आणि उत्तरेला एक चिंच. इथे त्यांचे बोट थांबले. ती चिंच त्यांनी पाहिलेली होती. तिच्याखाली बसून त्यांनी एका मित्राशी पैज लावून चाळीस आकडे खाल्ले होते आणि पुढचे दोन दिवस त्यांचे दात आंबले होते. आज त्या जागी व्यायामशाळा आहे. काकांनी चिंचेचा, मित्राचा आणि मित्राच्या लग्नाचा सविस्तर वृत्तांत सांगितला, आणि माझ्या डोक्यात मात्र तासाला एकवीस रुपयांचे मीटर टिकटिकत राहिले. दीड तासाचे साडेएकतीस रुपये झाले. आजही मला वाटते की त्या तीन महिन्यांत गेलेल्या व्याजापैकी तेवढेच सत्कारणी लागले. काकांचे भाषांतर बँकेला अर्थातच चालले नाही. ते अधिकृत भाषांतरकाराकडून पुन्हा करून घ्यावे लागले, आणि त्यात चिंच एका शब्दात आटोपली होती.

मधल्या काळात आधार कार्डावरील आणि खरेदीखतावरील माझ्या नावात एका वेलांटीचा फरक असल्याचे उघड झाले व त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले. शंभराच्या बॉन्डचे दिवस संपून आता पाचशेचा लागतो, हे ज्ञान त्या निमित्ताने पदरात पडले.

आणि मग जुन्या बँकेला माझी आठवण झाली. आठ वर्षांत जिने दिवाळीलाही शुभेच्छांचा मेसेज इंग्रजीतूनच पाठवला, त्या बँकेचे अधिकारी आता दिवसाआड फोन करून "सर, जाताय कशाला? दर आम्हीच कमी करून देतो, थोडं शुल्क भरा फक्त," असे आर्जवाने म्हणू लागले. हे जूनमध्येच का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्यांनी "तुम्ही विचारलंच नाही," असे उत्तर दिले. उत्तर खरे होते, त्यामुळे राग अधिक आला, आणि त्या रागाच्या भरात मी तो प्रस्ताव धुडकावला. हिशेबाने पाहता तो वाईट नव्हता. पण सिबिल, सुशीला आणि चतुःसीमा यांतून गेलेला माणूस हिशेबाच्या पलीकडे गेलेला असतो.

अखेर नव्या बँकेने जुन्या बँकेच्या नावाचा डीडी काढला आणि जुने कर्ज बंद झाले. तरीही प्रकरण संपले नाही, कारण घराचे मूळ कागद शाखेत नव्हतेच. ते मुंबईकडच्या कुठल्याशा गोदामात होते. मी स्वतः आठ वर्षांत देवगिरी एक्सप्रेसने दोनदा मुंबईला गेलो होतो, माझे खरेदीखत तिथे आठ वर्षे मुक्कामाला होते. नवी बँक कागद मागत होती आणि जुनी बँक "निघालेत" असे सांगत होती. घर जागेवर होते, आम्ही त्यात जेवत, झोपत आणि भांडत होतो, पण रात्री जाग आली की ते आपले असल्याचा पुरावा या क्षणी नगर किंवा मनमाड स्थानकावर उतरवला गेला असेल काय, हा विचार डोक्यात घुमत राही.

या अंधारात एक दिवा लागला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. ही माहिती मिळताच माझ्या चिंतेचे तोंडच फिरले. साडेचार दिवसांच्या उशिरात जुना एक हप्ता सुटत होता! आतापर्यंत रोज शाखेत जाऊन "आले का?" असे विचारणारा मी शाखेकडे जाणेच टाळू लागलो. पंचविसावा दिवस उलटला. घाटात दरड कोसळल्याची बातमी मी निर्मळ मनाने वाचली, असे म्हणता येणार नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता फोन आला, "सर, कागद आले, घेऊन जा." एवढ्या तत्परतेबद्दल बँकेचे अभिनंदन करताना माझा आवाज पडलेला होता.

ते तपकिरी पाकीट घेऊन मी गाडीवर निघालो. स्टेशन रोडवरून थेट वसमत रोडला नव्या बँकेत जायचे होते. तेवढ्या वीस मिनिटांच्या वाटेत माझ्या घराचे कागद आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ होते. मी वाट वाकडी करून घरी गेलो. पत्नीने हात धुऊन पाकीट घेतले, खरेदीखत काढून देवापुढे पाटावर ठेवले, मला काही कळायच्या आत त्याच्या पहिल्या पानावर हळदकुंकू वाहिले आणि चिमूटभर साखर माझ्या हातावर ठेवली. मी झटकायचा प्रयत्न केला, पण हवा दमट होती आणि कुंकू ओले झाले होते.

नव्या बँकेतील अधिकाऱ्याने पाने एकेक करून मोजली आणि पहिल्या पानाशी पुन्हा येऊन थांबला. "सर, हा डाग कसला?" मी सांगितले. तो दोन क्षण विचारात पडला, आत साहेबांना विचारून आला आणि कागदपत्रांच्या यादीत सावकाश टंकू लागला: मूळ खरेदीखत, पाने ३४, पहिल्या पानावर उजवीकडे वरच्या बाजूस अंदाजे एक इंचाचा तांबडा डाग, कर्जदाराच्या पत्नीने केलेला. पत्नी सहकर्जदार असल्याचे लक्षात येताच त्याने तिलाही बोलावून घेतले आणि त्या ओळीसमोर आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.