दुसऱ्या फेरीचा डबा

सलग २४ सामने हरलेल्या बाईबद्दल लिहायचंय. पोस्ट लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

बाईचं नाव झांग शुआई. झांग हे आडनाव, चिनी लोक ते आधी लावतात. टेनिस नेमाने बघणाऱ्यांनाही हे नाव पटकन आठवत नाही, आणि आठवलंच तर "ती मध्यंतरी गायब झालेली ना?" असं विचारतात. ती पेंग शुआई. तिची गोष्ट वेगळी आणि फार गंभीर आहे, ती इथे दोन ओळींत उरकणं बरं दिसणार नाही. चिनी टेनिस म्हटलं की आपल्याला ली ना आठवते, नाहीतर पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेली झेंग चिनवेन. झांग शुआई या दोघींच्या मधली. तिएनजिनची, १९८९चा जन्म, आणि आयुष्यात एकेरीत ग्रँड स्लॅमची, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एकीचीही, फायनल नाही. तरी मला तिच्याबद्दलच लिहायचंय, त्याला कारण एक डबा आहे.

शाळा-कॉलेजात मी टेबल टेनिस खेळायचे. खेळायचे म्हणजे हरायचे. सांगलीहून पहाटेची एसटी पकडून कधी कोल्हापूर, कधी सातारा, कधी सोलापूर. आई दोन डबे द्यायची. एक पोचल्यावर खायचा आणि दुसरा "दुसऱ्या फेरीनंतर खा" म्हणून. तो दुसरा डबा मी बहुतेक वेळा परतीच्या एसटीत उघडलाय. दुपारी तीनच्या आत दारात उभी राहिले की बाबांना निकाल कळायचा, ते विचारायचेसुद्धा नाहीत. सहा वर्षं हे चाललं. शेवटी आईनेच कंटाळून एकच मोठा डबा द्यायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी मला हरल्यापेक्षा जास्त रडू आलं होतं.

आता झांगचं बघा. ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये ती १४ वेळा उतरली आणि १४ही वेळा पहिल्याच फेरीत बाहेर. आणि ही काही खेळ न येणारी मुलगी नव्हे. २००९च्या चायना ओपनमध्ये, जागतिक क्रमवारीत २२६वी असताना, तिने तेव्हाच्या नंबर एक दिनारा साफिनाला सरळ सेटमध्ये हरवलं होतं. २०१३मध्ये ग्वांगझूला डब्ल्यूटीएचं, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टेनिस टूरचं, विजेतेपदही घेतलं. म्हणजे हात होता, डोकं होतं. फक्त मेलबर्न, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क या चार गावांत एकही सामना जिंकता येत नव्हता. वर्षानुवर्षं. असं का व्हावं, याचं उत्तर मला कुठल्याच तज्ज्ञाने पटेलसं दिलेलं नाही. मी स्वतः सहा वर्षं हेच केलंय, आणि मलाही माहीत नाही.

जानेवारी २०१६. ती २६ वर्षांची, क्रमवारीत १३३वी. थांबायचं जवळजवळ नक्की केलेलं. ऑस्ट्रेलियन ओपनला आईवडील बरोबर आले होते. परदेशात लेकीचा सामना ते पहिल्यांदाच बघत होते, कारण कदाचित हा शेवटचाच. पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून ती मुख्य ड्रॉमध्ये आली आणि पहिल्या फेरीत समोर कोण, तर दुसरी मानांकित सिमोना हालेप. ज्याला आपण नशीब फुटकं म्हणतो ते हेच.

झांगने तिला ६-४, ६-३ हरवलं.

कोर्टवरच्या मुलाखतीत तिला बोलता येईना, नुसती रडत होती. तो व्हिडिओ शोधून बघा. जिंकलेली माणसं रडतात तेव्हा त्यात थोडी ऐट असते, इथे ती नव्हती. काहीतरी चुकून घडलंय आणि कोणीतरी येऊन परत मागेल, असा चेहरा होता. मग अलिझे कॉर्ने, वारवरा लेपचेंको, मॅडिसन कीज अशा एकेकीला हरवत ती थेट उपांत्यपूर्व फेरीत गेली, तिथे योहाना काँटाने थांबवलं. त्याच स्पर्धेत ती २७ वर्षांची झाली. निवृत्तीचा विषय अर्थातच मागे पडला.

हिंदी सिनेमा इथेच संपवतो. प्रेरणादायी रील करणारेही इथेच संपवतात. खालून बासरी, वर "हार मत मानो". मला राग येतो तो याचाच. कारण त्यानंतरही ही बाई खेळत राहिली आणि तिच्या खेळातलं खरं काय ते पुढच्या आठ वर्षांत आहे.

चांगलं आधी सांगते, भरभर. २०१९मध्ये सॅम स्टोसरबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत गेली, आणि तिथे परत हालेप, यावेळी मात्र हालेपने हिशेब चुकता केला आणि पुढे विजेतेपदही घेतलं. २०२१मध्ये पुन्हा स्टोसरबरोबर यूएस ओपनची दुहेरी, फायनलला समोर कोको गॉफ आणि कॅटी मॅकनॅली. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावाला आपल्या सानियाबरोबर विजेतेपद. सानिया मिर्झाच्या कारकिर्दीतलं ते शेवटचं डब्ल्यूटीए विजेतेपद. बातम्यांत आपल्याकडे "सानिया आणि तिची चिनी जोडीदार" असं आलं होतं. ती जोडीदार पंधरा दिवसांपूर्वी ग्रँड स्लॅम जिंकून आली होती हो!

आपल्याशी तिचा आणखी एक धागा आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुण्यात घडलेली अंकिता रैना एकेरीच्या उपांत्य फेरीत हरली, ती याच झांगकडून. दुसरा सेट टायब्रेकपर्यंत, म्हणजे ६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमपर्यंत, ओढला होता अंकिताने. अंकिताला कांस्य मिळालं, झांग फायनलला वांग चियांगकडून हरली आणि तिला रौप्य. तेव्हा मी झांगला मनातल्या मनात भरपूर नावं ठेवली होती, तेही कबूल करते.

२०२२मध्ये लियोंला एकेरीचं तिसरं विजेतेपद, दुहेरीत जागतिक क्रमवारीत दुसरी, आणि २०२३च्या जानेवारीत एकेरीत २२वी, म्हणजे आयुष्यातली सगळ्यात वरची जागा. वय ३४ पूर्ण होत आलेलं. इथून पुढे घसरगुंडी.

आणि त्या घसरगुंडीत बुडापेस्ट.

जुलै २०२३, क्ले म्हणजे मातीचं कोर्ट, पहिली फेरी, समोर २० वर्षांची स्थानिक खेळाडू अमारिसा तोथ. पहिल्या सेटमध्ये ५-५. झांगचा एक फोरहँड रेषेवर पडतो आणि लाइनमन "आउट" पुकारतो. क्ले कोर्टवर चेंडूचा ठसा उमटतो, त्यामुळे पंच खुर्चीवरून उतरून ठसा बघायला येतात. इथेही पंच आल्या, बघितलं, आणि आउटच म्हणाल्या. टीव्हीवर बघणाऱ्या जगाला चेंडू रेषेला लागलेला दिसत होता. झांग म्हणत राहिली, तो ठसा बघा, तो पुसू देऊ नका. खेळ पुढे सुरू झाला. आणि थोड्या वेळाने तोथ चालत त्या जागेपाशी गेली आणि तिने बुटाने तो ठसा पुसून टाकला.

झांग ५-६ मागे पडली, खुर्चीत बसून रडायला लागली, तिला श्वास घेता येईना, फिजिओला बोलावलं, आणि तिने सामना सोडला. उठून पंचांशी आणि तोथशी हात मिळवला आणि गेली. मागे तोथने हात उंचावून विजय साजरा केला. त्यावरून तिच्यावर बरीच टीका झाली, पुढे तिने माफीही मागितली. वीस वर्षांची पोर आहे, तिला आयुष्यभर यावरून धरून ठेवू नये असं माझं मत.

पण त्या आठवड्यात मला ओळखीच्या दोघातिघांनी जे ऐकवलं ते विसरले नाही. "एवढी दोनदा ग्रँड स्लॅम जिंकलेली बाई, आणि एका पॉइंटवरून रडत सामना सोडते?" एका पॉइंटवरून नाही हो. चुकीचा निर्णय खेळात रोज मिळतो, तो गिळून पुढचा सर्व्ह घ्यायचा असतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नाही. ती कोसळली ते ठसा पुसल्यावर. आपण खोटं बोलत नव्हतो याचा तेवढाच एक पुरावा त्या मातीत होता आणि समोरच्या मुलीने तो सगळ्यांदेखत बुटाने घासून टाकला. ऑफिसात, घरात, जावा-नणंदांत, हे ज्या बाईच्या वाट्याला आलंय तिला मी वेगळं काय सांगू.

यानंतरचे १४ महिने तिने काय केलं? हरली. म्हणजे हरणं त्याआधीच सुरू झालं होतं. २०२३च्या जानेवारीच्या अखेरीस लियोंला जिंकलेला सामना शेवटचा, आणि मग एकेरीत टूरवरच्या सामन्यांत सलग २४ पराभव. टेनिसच्या क्रमवारीत गुण ५२ आठवडेच टिकतात. पुढच्या वर्षी त्याच सुमारास ते गळून पडतात आणि त्या जागी नवे कमवावे लागतात. तिने कमवलेच नाहीत. २२वरून घसरत २०२४च्या सप्टेंबरात ती ५९५व्या क्रमांकावर आली.

इथे एक गोष्ट खेळाबाहेरच्यांना कळत नाही म्हणून सांगते. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जणी उतरतात. पहिल्या फेरीअखेर त्यातल्या ६४ घरी जातात. दर आठवड्याला जगात कुठे ना कुठे स्पर्धा असते आणि त्यात एक सोडून बाकी सगळ्या हरून विमानतळावर जातात. टेनिसपटूचा धंदाच हरण्याचा आहे, जिंकणं हा त्यातला अपवाद. आपण मात्र हार सहन करतो ती फक्त पुढच्या विजयाची पायरी म्हणून. "हरली, पण मग जिंकली" हे आपल्याला चालतं. "हरली, मग परत हरली, मग दुसऱ्या गावी जाऊन परत हरली" हे ऐकायला कोणी थांबत नाही.

सप्टेंबर २०२४, बीजिंग, चायना ओपन. आयोजकांनी ३५ वर्षांच्या, ५९५व्या क्रमांकावरच्या झांगला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता थेट प्रवेश, दिलं. खरं सांगते, मला ते पटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या, हजार गुणांच्या स्पर्धेतली जागा आहे, एखाद्या अठरा वर्षांच्या पोरीला द्या की. म्हातारीचे लाड किती करायचे!

पहिल्या फेरीत मॅकार्टनी केसलर. ७-६, ७-६. दोन्ही सेट टायब्रेकला नेऊन झांग जिंकली. जवळजवळ २० महिन्यांनी. मग अमेरिकेची एमा नवारो, जगातल्या पहिल्या दहांतली, ६-४, ६-२. मग ग्रीट मिनेन, मग माग्दालेना फ्रेख. एकही सेट न गमावता चार सामने आणि उपांत्यपूर्व फेरी.

मी अर्थातच तोंडावर पडले. पण वाइल्ड कार्डबद्दलचं माझं मत पूर्ण बदललंय असंही नाही. उलट त्यातून एक वेगळीच गोष्ट डोक्यात बसली. हरत राहायलाही देशाकडे स्पर्धा असाव्या लागतात. चीनकडे बीजिंग आहे, वुहान आहे, ग्वांगझू आहे, झांगच्या गावाला तिएनजिनलाही काही वर्षं डब्ल्यूटीएची स्पर्धा होत होती. २०२० ते २०२२ चायना ओपन झाली नाही, तरी नंतर परतायला घरचं कोर्ट होतं. आपल्याकडे २०२२ला चेन्नईत डब्ल्यूटीएची स्पर्धा झाली तर केवढं कौतुक! अंकिता रैना किंवा आपली ऋतुजा भोसले सलग २४ सामने हरली, तर पंचविसाव्यासाठी तिला बोलावणार कोण? छोट्या आयटीएफ स्पर्धांच्या पात्रता फेरीत, रिकाम्या गॅलरीसमोर, स्वतःच्या खर्चाने तिला सुरुवात करावी लागेल. झांगची चिकाटी मोठी आहेच, ती तसूभरही कमी म्हणत नाही. पण चिकाटीला तिकीट आणि मैदान कोणीतरी दिलं होतं, हे रीलवाले दाखवत नाहीत. "आपल्या मुलींमध्ये ती जिद्दच नाही" म्हणणाऱ्या काकांनी तर ही ओळ दोनदा वाचावी.

माझं टेबल टेनिस सहा वर्षांनी सुटलं ते हरल्यामुळे नाही. एंट्री फी आणि एसटीचं भाडं दोन्ही वाढलं, धाकट्याची दहावी आली, आणि घरात कोणी काही न बोलताच ठरून गेलं. पुढच्या स्पर्धेत मी जिंकले असते असा माझा मुळीच दावा नाही. बहुधा हरलेच असते. पण हरले असते.

उपांत्यपूर्व फेरीत झांगसमोर पाउला बडोसा होती. पहिला सेट ६-१ असा बघता बघता गेला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्यात मात्र ती चिवटपणे टायब्रेकपर्यंत गेली आणि तिथे हरली. जाताना तिने प्रेक्षकांकडे बघून हात हलवला. मी फोन खाली ठेवला आणि कुकर लावायला उठले.