खुलासा : ‘फुकट गाड्या होत्या, मग रुळावर झोपलेच कशाला?’

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) करमाडला मालगाडीखाली मजूर चिरडले गेले, त्या अपघाताचा फोटो आणि वर ‘सरकारने फुकट गाड्या दिल्या होत्या, तरी हे रुळावर झोपले’ असा मजकूर पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

८ मे २०२० ची पहाट. जालन्याच्या स्टील कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशचे २० मजूर रात्रभर रुळांच्या कडेने चालत होते. भुसावळला पोहोचलो की गावाकडची गाडी मिळेल, एवढीच आशा. म्हणजे गाडी नाकारून नव्हे, गाडीसाठीच ते चालत होते! कोरोनाच्या लॉकडाउनमुळे मार्चपासून प्रवासी गाड्या बंद, त्यामुळे रुळावरून काही येणार नाही अशी त्यांची समजूत. मालगाड्या मात्र धावत होत्या. तीस-चाळीस किलोमीटर चालून दमले, रुळांवर टेकले, तिथेच डोळा लागला. मालगाडी अंगावरून गेली, १६ जण गेले. रुळांवर चपला आणि वाटेसाठी बांधून घेतलेल्या पोळ्या विखुरल्या होत्या.

आता ‘फुकट’चं. अडकलेल्या मजुरांना गावी नेणाऱ्या खास ‘श्रमिक’ रेल्वे १ मे रोजी सुरू झाल्या, पण उठून स्टेशनवर जावं आणि बसावं अशा त्या नव्हत्या; आधी नोंदणी करावी लागे आणि यादीत नाव यावं लागे. रेल्वेच्या सुरुवातीच्या सूचनेत तर राज्यांनी प्रवाशांकडून भाडं गोळा करून रेल्वेकडे द्यावं, असंच होतं. काही राज्यांनी ते स्वतः भरलं, हे खरं. पण मजुरांकडून भाडं घेऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला २८ मे रोजी. अपघातानंतर २० दिवसांनी.

हा मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.