देव तुझं भलं करो, पण कुठल्या टोनमध्ये?

काल संध्याकाळी शरणपूर रोडच्या टपरीवर नेहमीचेच आम्ही चौघं. डेव्ह्या आला तो ॲक्टिव्हाचा तुटका इंडिकेटर हातात घेऊनच. एका रिक्षावाल्याने सिग्नलला घासली आणि वर ह्यालाच आईवरून शिव्या दिल्या. तर हा काय म्हणाला असेल? "जा भाऊ, नीट जा, देव तुझं भलं करो."

पक्या उसळलाच. "अरे हा तर टोमणा झाला! मराठीत कोणी कोणाला असं म्हटलं की समजायचं, मनात पक्की शिवी घातलीये."

पॉइंट बरोबर आहे ना भो, आमची आजी भांडण संपवायची तीच मुळी ह्या वाक्यावर, आणि त्यानंतर महिनाभर त्या घरी साखरसुद्धा मागायची नाही.

डेव्ह्या दोन मिनिटं गप्प. मग म्हणे, "खरं सांगू, अर्धा टोमणाच होता. पण बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की ज्या जिभेने देवाची स्तुती करतो तिनेच माणसांना शाप देतो, एकाच झऱ्यातून गोड नि कडू पाणी येतं का? म्हणून निदान तोंडातून तरी कडू काढलं नाही."

पक्याने कॉन्व्हेंटमधलं सगळं उकरून काढलं. "मग येशू हेरोद राजाला कोल्हा म्हणाला ते? परुश्यांना, त्या कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांना, सापाची पिल्लं म्हणाला ते काय गोड पाणी होतं?"

मला वाटलं संपला डेव्ह्या. पण तो म्हणाला, बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा तोच 13वा अध्याय पुढे वाच, कोल्हा म्हटल्यावर दोनच ओळींनी यरुशलेमसाठी जीव तुटतोय त्याचा, कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते तसं तुम्हाला घ्यायचं होतं म्हणतो, आणि कोल्हा म्हटलं ते राजाला, जो त्याच्या जिवावर उठला होता, सिग्नलवर डोकं तापलेल्या रिक्षावाल्याला नाही. हे मला पटलं. खरं बोलणं वेगळं, आग ओकणं वेगळं. पक्याला नाहीच पटलं, तो म्हणे कोल्हा तो कोल्हाच.

मग मोन्या, जो चर्चच्या क्वायरमध्ये गातो आणि कट्ट्यावर फक्त क्रीमरोल खातो, तो बोलला. बायबलच्या नव्या करारात आशीर्वादासाठी जो ग्रीक शब्द आहे ना, त्याचा अर्थच मुळी चांगलं बोलणं. एवलोगेओ. एव म्हणजे चांगलं, लोगोस म्हणजे शब्द. "म्हणजे समोरच्याचं बरं व्हावं असं खरंच वाटून बोलायचं. मस्का मारायचा नाही, आणि नुसतं बोलून सुटायचंही नाही. तुझ्या त्याच याकोबाने एक अध्याय आधी झापलंय. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही अशा माणसाला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून काहीच दिलं नाही तर उपयोग काय?"

डेव्ह्याचा चेहरा बघण्यासारखा. "म्हणजे रिक्षावाल्याला मी पैसे द्यायचे?"

"नाही रे. पण इंडिकेटर तुटल्याचं दुःख तासभर आम्हाला ऐकवतोयस, त्याच्यासाठी रात्री एक ओळ प्रार्थना तरी कर. तिथे टोन ऐकायला कोणी नसतं."

तेवढ्यात टपरीवरच्या पोराच्या हातून कटिंगचे दोन ग्लास निसटले, गरम चहा पक्याच्या पँटवर. मालकाने आवाज चढवला तोच पक्या, हो पक्याच, "राहू द्या काका, भाजलं नाही. तुला लागलं का रे?"

डेव्ह्याने त्याच्याकडे बघून तोंड उघडलं.

"गप," पक्या म्हणाला. "ऊब मिळाली मला. आता बिल देऊन तृप्त कर."