समृद्धीवर १५० ने गाडी चालवायला परवानगी? नाही ओ!

व्हॉट्सॲपवर परत तोच मेसेज फिरतोय, की समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, आता १५० च्या स्पीडने गाडी पळवायला सरकारची परवानगी आणि नागपूरहून थेट मुंबईत. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

१५० हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही, पण ती डिझाइन स्पीड आहे, म्हणजे सपाट भागात वळणं, चढउतार, समोरचं किती लांबचं दिसायला हवं हे सगळं इंजिनिअर लोकांनी त्या वेगाचा हिशोब धरून आखलंय, याचा अर्थ तुम्ही तेवढ्याने जायचं असा होत नाही. कारला कायदेशीर लिमिट १२० आहे, घाटात त्याहून कमी, ट्रकला तर ८०. आणि टायर कुठल्या स्पीडपर्यंत टिकतो ते टायरवर छापलेलं असतं, ते किती जण बघतात देव जाणे! सिमेंटचा तापलेला रस्ता, त्यात हवा कमीजास्त, मग टायर फुटला की रस्त्याला शिव्या.

दुसरं म्हणजे ७०१ किमीचा हा रस्ता संपतो भिवंडी तालुक्यातल्या आमणे इथे. शेवटचा इगतपुरी ते आमणे ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला हे खरंय, पण तिथून पुढे मुंबईत शिरायला नेहमीचंच ट्रॅफिक आहे, तो वेळ वेगळा धरा.

आणि बाईकवाल्यांनो, तुम्हाला तिथे एंट्रीच नाहीये.